ज्यांचा लढा, त्यांचा शब्द : चियापासच्या आदिवासी चळवळीतील काव्यमय राजकीय लेखन

राजकीय लेखन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निवेदने, ठराव, जाहीरनामे आणि मागण्यांची पत्रके येतात. त्यांची भाषा कलमवार व कोरडी असते, कारण ती सत्तेच्या कचेरीत वाचली जावी या हेतूने लिहिलेली असते. कविता ही मात्र वेगळ्या दालनातली, भावनेची आणि विरंगुळ्याची गोष्ट मानली जाते. ज्यांच्या हाती सत्ता आणि लेखणी दोन्ही आहेत, त्यांना ही विभागणी परवडते. ज्यांना शतकानुशतके बोलूच दिले गेले नाही, त्या समाजांच्या लढ्यांत ती टिकत नाही.

हे समजण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली छत्रपती शिवाजीराजांचा पोवाडा रचला. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी जे विचार खेड्यापाड्यांत पोहोचवले, ते व्याख्यानांनी पोहोचणे कठीण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्याच्या शीर्षस्थानी संत तुकारामांचा अभंग होता. १९२७ साली सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या विद्वानाला आपल्या पाक्षिकाची सुरुवात आकडेवारीने करता आली असती. त्यांनी ती कवितेने केली. १९७२ साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरच्या अग्रभागी नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे कवी-लेखक होते, हाही योगायोग म्हणता येणार नाही.

या लेखात मात्र आम्ही वाचकांना जगाच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिको देशातील चियापास या राज्यात नेऊ इच्छितो. तेथील माया वंशाच्या आदिवासींनी गेल्या तीन दशकांत जे राजकीय लेखन केले, त्याने काव्य आणि राजकारण यांतील भिंत पाडली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या लेखनाने एक प्रश्न उभा केला, जो आंबेडकरी चळवळीलाही सतत भेडसावत आला आहे. पीडितांचा शब्द प्रभावी व्हावा, हे खरे. पण तो कोणाच्या मुखातून यावा?

संपन्न भूमी, दरिद्री माणसे

चियापास हे मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, ग्वातेमालाच्या सीमेला लागून असलेले राज्य. कॉफी, लाकूड, खनिज तेल यांनी ते समृद्ध आहे. ग्रिहाल्वा नदीवरील धरणांतून देशातील जलविद्युतेचा मोठा वाटा येथून निघतो. त्सोत्सिल, त्सेल्ताल, तोहोलाबाल, चोल या मायाकुलीन भाषा बोलणारे आदिवासी येथे राहतात. धरणांची वीज ज्यांच्या डोक्यावरून तारांतून बाहेर गेली, त्यांच्याच झोपड्यांत दिवा नव्हता.

स्पॅनिश आक्रमण सोळाव्या शतकातले. पण त्याने घातलेली घडी विसाव्या शतकापर्यंत मोडली नाही. मोठ्या जमीनदारांच्या मळ्यांवर आदिवासी कुटुंबे कर्जात बांधलेली असत आणि राहण्या-कसण्याच्या तुकड्याच्या बदल्यात मालकासाठी ठरावीक दिवस फुकट राबत. आपल्याकडच्या वेठबिगारीहून हे निराळे नव्हते. सान क्रिस्तोबाल दे लास कासास या मुख्य शहरात तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आदिवासी माणसाने पदपथावर चालायचे नाही, गोऱ्या किंवा मिश्रवंशीय नागरिकासाठी रस्त्यात उतरायचे, असा रिवाज होता. ज्यांच्या आजोबांनी सार्वजनिक पाणवठ्यावरून हुसकून लावले जाणे अनुभवले, त्या वाचकांना पदपथाचा हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली प्रश्न पाण्याचा होता, तितकाच माणूसपणाचाही होता. पदपथाचेही तसेच आहे.

मेक्सिकोत १९१० साली क्रांती झाली. तिच्यातील शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो झापाता. त्याच्या चळवळीचा ‘आयालाचा आराखडा’ हा जाहीरनामा २८ नोव्हेंबर १९११ रोजी घोषित झाला आणि तो लिहिण्यात ओतिलियो मोन्तान्यो या ग्रामीण शाळाशिक्षकाचा मोठा हात होता, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना विशेष जवळची वाटते. या क्रांतीच्या रेट्याने १९१७ च्या संविधानात कलम २७ आले आणि गावसमूहाला सामुदायिक जमिनीचा हक्क मिळाला. चियापासमध्ये त्याची अंमलबजावणी अपुरीच झाली. तरी जमीन मिळण्याची आशा त्या कलमावर टिकून होती. १९९२ साली राष्ट्राध्यक्ष कार्लोस सालिनास यांच्या राजवटीत हे कलमच बदलण्यात आले. जमीनवाटप थांबले आणि सामुदायिक जमिनी विक्रीला मोकळ्या झाल्या. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, कोलंबसच्या आगमनाला ५०० वर्षे झाली त्या दिवशी, सान क्रिस्तोबालमध्ये हजारो आदिवासींनी मोर्चा काढला आणि स्पॅनिश आक्रमक दिएगो दे माझारियेगोस याचा पुतळा पाडला. येणाऱ्या वादळाची ती सूचना होती.

बारा दिवसांची लढाई

१ जानेवारी १९९४ रोजी उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार अमलात आला. सत्ताधारी वर्ग नववर्षाच्या मेजवानीत मग्न असताना, त्याच पहाटे ‘झापातिस्ता राष्ट्रीय मुक्तिसेना’ या नावाने हजारो आदिवासी स्त्री-पुरुषांनी सान क्रिस्तोबालसह चियापासमधील अनेक गावे ताब्यात घेतली. चेहऱ्यावर काळे मुखवटे वा लाल रुमाल. कोणाच्या हाती बंदूक, तर कोणाच्या हाती बंदुकीच्या आकाराचे नुसते लाकूड. ‘आता पुरे’ ही त्यांची घोषणा होती. मागण्या होत्या काम, जमीन, घर, अन्न, आरोग्य, शिक्षण, स्वातंत्र्य, लोकशाही, न्याय आणि शांती यांच्या.

सरकारने सैन्य व विमाने पाठवली. राजधानीत प्रचंड निदर्शने झाली आणि १२ जानेवारीला युद्धबंदी जाहीर झाली. शस्त्रांची लढाई बारा दिवस चालली. त्यानंतरची तीस वर्षे ही प्रामुख्याने शब्दांची लढाई आहे.

येथे आमची भूमिका स्पष्ट करणे आवश्यक वाटते. आम्ही तथागत बुद्धाच्या धम्माचे आणि भारतीय संविधानाचे अनुयायी आहोत. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडून देण्याचा जो इशारा दिला, तो आम्ही शिरोधार्य मानतो. त्यामुळे चियापासमधील बंदुकीचे गुणगान करणे हा या लेखाचा हेतू नाही. बंदूक बाजूला राहिली आणि शब्द पुढे आला, तेव्हाच या चळवळीला जगाचा कान मिळाला, हा इतिहास आम्हाला अधिक बोधप्रद वाटतो.

माफी कोणी कोणाची मागायची?

युद्धबंदीनंतर सरकारने बंडखोरांना माफी देऊ केली. १८ जानेवारी १९९४ रोजी झापातिस्तांचे उत्तर आले. हे पत्र राजकीय लेखनाचा एक अजोड नमुना मानले जाते.

सरकारची चाल सरळ होती. ‘माफी’ हा शब्द स्वीकारला की गुन्हाही स्वीकारला जातो. एखाद्या संघटनेने माफी नाकारण्याचा ठराव केला असता, तर तो वृत्तपत्राच्या आतल्या पानात दोन ओळींत संपला असता. झापातिस्तांनी ठराव केला नाही. त्यांनी प्रश्नांची माळ गुंफली. आम्ही नेमकी कशाबद्दल क्षमा मागायची? उपाशी मरण्याचे नाकारले म्हणून? आमचे पूर्वज विसरलो नाही म्हणून? आणि क्षमा करण्याचा अधिकार कोणाला? ज्यांची ताटे भरलेली होती त्यांना, की बरे होऊ शकणाऱ्या रोगांनी मेलेल्या आमच्या लेकरांना? असा त्या पत्राचा आशय आहे. प्रत्येक प्रश्नागणिक आरोपीचा पिंजरा हळूहळू सरकतो आणि शेवटी त्यात सरकार उभे दिसते.

या पत्रात एकही अलंकार शोभेसाठी नाही. प्रश्नाची पुनरावृत्ती हे जे लोकगीताचे तंत्र, तेच येथे वकिलाच्या उलटतपासणीचे काम करते. सत्तेने दिलेला शब्द सत्तेकडेच परत पाठवणे, हे काव्यमय राजकीय लेखनाचे पहिले कार्य होय. आपल्याकडेही ‘उद्धार’, ‘दया’, ‘सवलत’ या शब्दांच्या जागी बाबासाहेबांनी ‘हक्क’, ‘प्रतिनिधित्व’, ‘स्वाभिमान’ हे शब्द रुजवले. शब्द बदलला की माणसाच्या उभे राहण्याची रीत बदलते.

या लेखनाची घडण

ही पत्रे सान क्रिस्तोबालमधील ‘तिएम्पो’ हे छोटे स्थानिक पत्र आणि राजधानीतील ‘ला होर्नादा’ हे दैनिक यांसारख्या नियतकालिकांतून प्रसिद्ध होत. अधिकृत निवेदनांवर आदिवासींच्या गुप्त क्रांतिकारी समितीची सही असे; पत्रे, कथा आणि ताजे कलम यांवर ‘उपकमांडर मार्कोस’ या मुखवटाधारी प्रवक्त्याची. या लेखनाचे काही विशेष जाणून घेण्यासारखे आहेत.

पहिला विशेष उपरोधाचा. १९९२ साली लिहिलेला आणि जानेवारी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला चियापासविषयीचा एक दीर्घ लेख पर्यटकांच्या माहितीपुस्तिकेच्या थाटात आहे. तो वाचकाला आदराने हाताशी धरतो, या रस्त्याने या म्हणतो, निसर्ग दाखवतो. आणि दाखवता दाखवता येथून किती तेल, किती वीज, किती कॉफी बाहेर जाते आणि बदल्यात काय मिळते, याचा हिशेब मांडतो. अर्थशास्त्राचा कोरडा तक्ता ज्याने कधीच वाचला नसता, तो वाचक सहलीला म्हणून निघतो आणि शोषणाच्या उंबरठ्याशी पोहोचतो.

दुसरा विशेष लोककथेचा. ‘म्हातारा अंतोनियो’ हा आदिवासी वृद्ध या लेखनात वारंवार येतो. तो चिलीम ओढत आद्य देवांच्या, मक्याच्या, रंगांच्या गोष्टी सांगतो. शहरातून आलेला क्रांतिकारक शिकवायला येतो आणि या वृद्धासमोर विद्यार्थी होऊन बसतो, अशी या कथांची मांडणी आहे. विद्वत्ता केवळ ग्रंथालयात राहत नाही, हे येथे न सांगता सांगितले जाते. त्यांपैकी रंगांची गोष्ट मुलांच्या चित्रपुस्तकाच्या रूपाने अमेरिकेतील टेक्सासमधल्या एका छोट्या प्रकाशनाने १९९९ साली छापली. चित्रे मासातेक आदिवासी चित्रकर्ती दोमितिला दोमिंगेस यांची होती. लेखक कोण हे लक्षात येताच अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने दिलेले ७,५०० डॉलरचे अनुदान ऐन वेळी काढून घेतले. मुलांच्या गोष्टीला सत्ता घाबरते, याचे याहून स्पष्ट प्रमाण कोणते?

तिसरा विशेष विनोदाचा. एप्रिल १९९४ मध्ये दहा वर्षांच्या एका मुलीने पाठवलेल्या चित्राला उत्तर देताना मार्कोसने दुरितो नावाचा भुंगेरा निर्माण केला. हा भुंगेरा जंगलात बसून नवउदारमतवादाचा अभ्यास करतो, कारण ही लढाई किती काळ चालणार हे ठाऊक झाल्याशिवाय सैनिकांच्या बुटांपासून किती दिवस जपून राहायचे, हे भुंगेऱ्यांना कळणार नाही. पुढे तो स्वतःला जुन्या स्पॅनिश कादंबरीतल्या दोन किखोतेसारखा भटका सरदारही समजू लागतो. हसू येते, आणि मग लक्षात येते की बुटाखाली येणाऱ्यांची गणना कोणत्याच अहवालात होत नाही.

चौथा विशेष भाषेच्या मुळाशी जाणारा आहे आणि मराठी वाचकाला तो इतर अनेकांपेक्षा सहज कळेल. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. स्पॅनिश किंवा इंग्रजीत हा भेद नाही. त्सेल्ताल, तोहोलाबाल या माया भाषांत मात्र तो आहे. तोहोलाबाल लोकांमध्ये दीर्घकाळ राहिलेले अभ्यासक कार्लोस लेंकर्सडोर्फ यांनी नोंदवले की त्या लोकांच्या सभांमध्ये ‘आपण’ दर्शवणारा ‘-तिक’ हा प्रत्यय सतत कानी पडतो. ‘तोहोलाबाल’ या नावाचा अर्थच खरा शब्द, सरळ बोली असा आहे. झापातिस्तांचे लेखन स्पॅनिशमध्ये असले, तरी त्यामागे हा ‘आपण’ उभा आहे. ते ‘आम्ही पीडित’ असे म्हणत सुरू होते आणि वाचकाला नकळत ‘आपण’मध्ये ओढून घेते. चळवळीची ही सर्वांत कठीण पायरी आहे. ‘आम्ही’ उभारल्याशिवाय आत्मभान येत नाही. पण ‘आपण’पर्यंत पोहोचल्याशिवाय बंधुता येत नाही. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या सोबतीला बंधुता का मागितली, याचे उत्तर या दोन सर्वनामांमधील अंतरात सापडते.

काव्यच का?

कोणी विचारील, हे सारे साध्या गद्यात सांगता आले नसते का? आमच्या मते दोन कारणांनी ते शक्य नव्हते.

चियापासच्या आदिवासींमध्ये ज्ञान, कायदा, इतिहास हे सारे मुखपरंपरेने चालत आले. ऑक्टोबर १९७४ मध्ये बिशप सामुएल रुईस यांच्या पुढाकाराने सान क्रिस्तोबालमध्ये आदिवासी परिषद भरली. जमीन, व्यापार, शिक्षण आणि आरोग्य या चार विषयांवर चार भाषांतील प्रतिनिधी आपापल्या भाषेत बोलले आणि एकाचे दुसऱ्याला समजावे म्हणून अनुवादक बसवले गेले. शेजारच्या खोऱ्यातील माणसाचे दुःख आपल्यासारखेच आहे, हे तेथे अनेकांना प्रथम कळले. अशा समाजात जे लक्षात राहील तेच टिकते. आणि लक्षात राहते ते लय, प्रतिमा व गोष्ट यांच्या आधाराने. वामनदादा कर्डकांची गाणी ज्यांनी अक्षरओळख नसताना तोंडपाठ केली, त्या माउलींना हे कारण आम्ही सांगण्याची गरज नाही.

दुसरे कारण नव्या संस्थांना नावे देण्याचे. जुन्या व्यवस्थेचे शब्द वापरून नवी व्यवस्था कल्पिता येत नाही. झापातिस्तांनी ऑगस्ट २००३ मध्ये आपल्या स्वायत्त केंद्रांना ‘काराकोल’, म्हणजे शंख, हे नाव दिले. माया खेड्यांत शंख फुंकून लोकांना एकत्र बोलावत. शिवाय शंखाची वळणे आतून बाहेर आणि बाहेरून आत नेतात. केंद्राने बाहेरचे ऐकावे आणि आतले बाहेर सांगावे, हा त्यामागील संकेत. तेथे पाळीपाळीने कारभार करणाऱ्या मंडळांचे ब्रीद ‘आज्ञा पाळत आज्ञा करणे’ असे होते. अधिकारपदावरील माणूस हा लोकांच्या आज्ञेत राहील. प्रतिमा येथे केवळ सजावट राहिली नाही, तिने कारभाराचा नियम सांगितला.

पण शब्द कोणाचा?

आता या विषयातील सर्वांत अवघड गाठीकडे वळू.

ज्याच्या लेखणीने हे सारे जगभर गाजले, तो मार्कोस आदिवासी नव्हता. सरकारने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी जाहीर केले की हा तत्त्वज्ञान शिकलेला, विद्यापीठात शिकवलेला, तांपिको शहरातील मध्यमवर्गीय घरातला राफाएल सेबास्तियान गियेन आहे. १९८४ च्या सुमारास तो जंगलात आला, आदिवासींमध्ये राहिला, त्यांच्या भाषा शिकला. त्याची निष्ठा नाकारता येत नाही. आपल्या पदातील ‘उप’ हा शब्द त्याने सोडला नाही, कारण आज्ञा आदिवासींच्या समितीची होती. तरीही वस्तुस्थिती अशी की छायाचित्रे त्याची छापली गेली, मुलाखती त्याच्या झाल्या आणि टोप्या-बनियन त्याच्या चेहऱ्याचे विकले गेले. त्सोत्सिल स्त्री कमांडर रामोना, जिने गावोगाव फिरून १९९३ चा स्त्रियांचा क्रांतिकारी कायदा घडवण्यात पुढाकार घेतला, तिचे नाव त्या मानाने किती जणांना ठाऊक आहे?

या दुःखाला मराठीत वाचा फोडली ती नंदुरबार-शहादा परिसरातील भिल्ल कार्यकर्ते-कवी वाहरू सोनवणे यांनी. श्रमिक संघटनेच्या लढ्यातून आलेल्या या कवीची ‘स्टेज’ ही कविता प्रसिद्ध आहे. व्यासपीठावर इतरांनी बसावे, आपले दुःख त्यांनी आपल्यालाच सांगावे आणि आपण खाली बसून ऐकावे, या विसंगतीवर तिने बोट ठेवले. ती कविता शत्रूला उद्देशून नाही, ती सोबत्यांना उद्देशून आहे. म्हणूनच ती अधिक बोचते. बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला, त्यामागेही हेच तत्त्व होते. हितचिंतक कितीही मोठा असो, आपली बाजू मांडण्याचा अधिकार त्याच्याकडे कायमचा गहाण ठेवता येत नाही.

झापातिस्तांनी हा प्रश्न टाळला नाही. २००१ साली त्यांचे प्रतिनिधी चियापासहून राजधानीपर्यंत गेले आणि २८ मार्च रोजी त्यांना देशाच्या संसदेत बोलण्याची संधी मिळाली. सर्वांना वाटत होते की मार्कोस बोलणार. तो आलाच नाही. मुख्य भाषण केले कमांडर एस्तेर या आदिवासी स्त्रीने. एक गरीब, आदिवासी स्त्री या व्यासपीठावरून आधी बोलते आहे, यालाच अर्थ आहे, असे तिने सांगितले. आदिवासी स्त्रीचे दैनंदिन कष्ट मांडताना तिने सरकारला जाब विचारला आणि स्वतःच्या समाजातील स्त्रियांना दुय्यम ठेवणाऱ्या रूढींवरही पांघरूण घातले नाही. तिच्या भाषणात भुंगेरा नव्हता, पुराणकथा नव्हती. साध्या वाक्यांत तिने जे सांगितले, ते आम्हाला मार्कोसच्या अनेक पत्रांहून थोर वाटते, कारण तेथे भोगणारी आणि सांगणारी एकच होती.

२१ डिसेंबर २०१२ रोजी तर चाळीस हजारांहून अधिक मुखवटाधारी आदिवासी चियापासच्या पाच शहरांतून एकही घोषणा न देता चालत गेले. ज्या रस्त्यांवर त्यांच्या आजोबांना पदपथ वर्ज्य होता, त्यांतले सान क्रिस्तोबालचे रस्तेही त्यांत होते. त्या दिवशी त्यांनी मौनालाच भाषण केले.

पुढे २ मे २०१४ रोजी ला रेआलिदाद येथे झापातिस्तांच्या शाळेत शिकवणारा, ‘गालेआनो’ या नावाने ओळखला जाणारा शिक्षक हल्ल्यात मारला गेला. त्याच महिन्यात मार्कोसने जाहीर केले की ‘मार्कोस’ हे पात्र आता संपले. माध्यमांना दिसावे म्हणून ते उभे केले होते, त्याची गरज उरलेली नाही. त्याने मारल्या गेलेल्या शिक्षकाचे नाव धारण केले आणि प्रवक्तेपद त्सेल्ताल आदिवासी असलेल्या उपकमांडर मोइसेस यांच्याकडे गेले. उसना आवाज मालकाला परत करण्याचे असे उदाहरण चळवळींच्या इतिहासात विरळा आहे. तो वीस वर्षांनी परत झाला, याची खंतही त्यासोबत नोंदवली पाहिजे.

शब्दाच्या मर्यादा

शब्दाने सारे काही साध्य झाले, असे म्हणणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. आदिवासींचे हक्क आणि संस्कृती यांविषयीचा सान आंद्रेसचा करार १६ फेब्रुवारी १९९६ रोजी झाला, पण सरकारने तो अमलात आणला नाही. २२ डिसेंबर १९९७ रोजी आक्तेआल या गावी प्रार्थनेसाठी जमलेल्या ४५ निःशस्त्र त्सोत्सिल स्त्री-पुरुष-बालकांची निमलष्करी टोळीने हत्या केली. ते शांततावादी गटाचे लोक होते. एस्तेरच्या भाषणानंतर संसदेने जो कायदा केला, तो कराराच्या तुलनेत इतका पातळ होता की झापातिस्तांनी तो नाकारला. अलीकडे गुन्हेगारी टोळ्यांचा वेढा वाढत गेला आणि २०२३ च्या अखेरीस त्यांनी आपली स्वायत्त मंडळे विसर्जित करून गावपातळीवर नवी रचना आखली.

याचा अर्थ शब्द व्यर्थ गेला, असा नाही. शब्दाने त्यांना वेळ मिळवून दिला, साक्षीदार मिळवून दिले. जगाचे लक्ष असल्यामुळे त्यांना समूळ चिरडणे सरकारला अवघड गेले. त्या मोकळ्या अवकाशात त्यांनी शाळा आणि दवाखाने उभे केले. त्या शाळांत शिकवणाऱ्याला ‘शिक्षण-प्रवर्तक’ म्हणतात. तो त्याच गावातला असतो आणि मातृभाषा व स्पॅनिश या दोन्हींतून शिकवतो. पत्र कितीही सुंदर असले तरी ते शाळा होत नाही. परंतु त्या पत्राने ओढलेल्या संरक्षक रेषेच्या आत शाळा उभी राहू शकते.

आपल्यासाठी यातून काय?

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाचेला स्वतंत्र स्थान आहे. सम्यक वाचा म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. ती सत्य असली पाहिजे, हितकर असली पाहिजे आणि ज्याची त्याची असली पाहिजे, असा तिचा अर्थ आम्ही या इतिहासाच्या प्रकाशात लावतो.

वस्त्या, तांडे, पाडे येथून निवासी शाळेत आलेले मूल आपल्यासोबत एक बोली, काही गाणी आणि घरच्या कष्टांची एक गोष्ट घेऊन येते. प्रमाण मराठी त्याला आलीच पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे. तिच्याविना न्यायालयात, कार्यालयात आणि विद्यापीठात त्याचा निभाव लागणार नाही. एस्तेर संसदेत स्पॅनिशमध्येच बोलली, हे विसरून चालणार नाही. परंतु ही नवी भाषा शिकवताना जुनी खोडून टाकली, तर तो मुलगा निबंधात दुसऱ्याचीच आई वर्णन करीत बसतो. पहाटे उठून ऊसतोडीला गेलेली आपली आई त्याच्या वहीत कधी येत नाही, कारण ती ‘निबंधात बसत नाही’ असे त्याला वाटू लागते. मार्कोससारखा लेखक शोधण्याची वेळ समाजावर तेथूनच येते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांना आमची विनंती आहे. आपल्या आजी-आजोबांकडे असलेली जलशाची गाणी, ओव्या, धर्मांतराच्या आणि गावकीच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा. शब्द ‘शुद्ध’ करू नका. शहरात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या हस्तलिखितासाठी मार्गदर्शन करावे, मात्र मुलांच्या नावावर स्वतः लिहू नये. पालकांनी मुलाला घरची बोली बोलताना लाज वाटू देऊ नये. मुलींच्या वहीकडे सर्वांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आजवर सर्वांत कमी छापले गेलेले शब्द त्यांचे आहेत.

शंभर वर्षांपूर्वी मुक्यांना नायक लाभला आणि त्याने त्यांना बोलते केले. त्या नायकाची जयंती आपण दरवर्षी साजरी करतो. त्याचे ऋण फेडायचे असेल, तर आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला स्वतःची बाजू स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या सहीने मांडता आली पाहिजे.

जय भीम!